चहानंतरची शाळा

बाबा, तुमच्या नातीला शाळेत जायचं आहे. काल दुपारी जेवताना, वरणभात कालवता कालवता तिने हे सांगितलं, मीठ वाढ म्हणावं इतक्या सहज. माझा हात वाढता वाढता थांबला. तुमचे जावई हसायला लागले. म्हणाले, "घ्या, लोकायची पोरं शाळेतून पळतात, आपली शाळेत पळून चालली." आईने नातीच्या ताटात लाखोरीच्या डाळीचा आणखी एक वडा टाकला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू तिला हे कधीचंच ठाऊक होतं. मी विचारलं, "काहून वं? घरी काय कमी पडून राहिलं तुले?" तर म्हणाली, "कमी काही नाही पडत. पण आई, तुले सगळं येते ना. मंग मी कोणाले शिकवू?"

बाहेरच्या कोणाला हे सांगितलं तर त्याला वाटेल, पोरगी आगाऊ आहे. नऊ वर्षांच्या मुलीने शिकायचं की शिकवायचं? पण तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. ही खोड तुम्हीच या घराला लावून गेलात, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे. शाळा उघडायच्या आत मला तिला हो किंवा नाही सांगायचं आहे, आणि माझ्या तोंडून हो निघत नाही. तुम्ही हातमागावरून उठून सुरू केलेली घरची शाळा माझ्या हातून बंद पडणार, हेच सारखं मनात येतं. वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं म्हणून स्वतःचा रागही येतो.

तुम्ही तरी ती ठरवून कुठे सुरू केली होती म्हणा. भंडारा जिल्ह्याचे दोन झाले त्याच्या नंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. मी तिसरीत होते आणि पावसाळ्यात मला टायफॉइडने धरलं. ताप उतरला तरी अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, म्हणून आईने माझी खाट मागाच्या खोलीतच टाकली, म्हणजे तिला सुताच्या कांड्या भरता भरता माझ्याकडे लक्ष ठेवता येईल. तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे, आणि त्या खटक-खटक आवाजात मी खाटेवर पडून पुस्तक मोठ्याने वाचायची. एकदा तुम्ही माग थांबवून म्हणालात, "हे काय म्हणली? पुन्हा सांग बरं." मी पुन्हा सांगितलं. तुम्हाला पटलं नाही. मग मी उठून बसून सांगितलं. आई म्हणते, तापानंतर मी पहिल्यांदा उठून बसले ती तुमच्याशी वाद घालायला.

दिवाळीपर्यंत मी ठणठणीत झाले होते, पण शाळेचं नाव घरात कोणी काढेना. शेवटी गुरुजीच आले. भले माणूस होते. ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, "पोरगी बरी झाली ना? मंग पाठवाना आता." तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि म्हणालात, "बरी झाली गुरुजी. पण घरी भल्ली शिकून राहिली. अन् मले बी शिकवून राहिली. मधातच कसं तोडू?" गुरुजींना आधी वाटलं तुम्ही थट्टा करताय. मग त्यांनी मला धडा वाचायला लावला, गणितं घातली, आणि जाताना म्हणाले की परीक्षेला आणत जा, मधे मी काही बोलत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी शाळेच्या कपाटातली जुनी पुस्तकं पाठवून दिली, मुखपृष्ठं गेलेली, पण आतून सगळी धड. ती माझी पहिली लायब्ररी.

आपला दिवस कसा जायचा ते आता कोणी विचारलं तर मला सांगताना मजा येते. सकाळी ऊन तापायच्या आत गल्लीत उभ्या धाग्यांचा ताणा पसरलेला असायचा आणि तुम्ही त्यावर तांदळाच्या खळीचा कुंचा मारत पुढे पुढे जायचे. मी तुमच्यासोबत चालायची, पाढे म्हणत. ताण्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईस्तोवर एक पाढा संपला पाहिजे, असा आपला नियम होता, आणि पाढा लवकर संपला तर उलटा म्हणायचा. शेजारपाजारच्यांना माझे पाढे माझ्याआधी पाठ झाले. मग घरी येऊन फोडणीचा भात. मग तुम्ही मागावर आणि मी नि आई कांड्या भरायला, आणि कांड्या भरता भरता मी पेपर वाचून दाखवायची, बाजारभावापासून सगळा. दुपारी मात्र मला कोणी काही म्हणायचं नाही. मी तळ्यावर जाऊन बसो की पुस्तक घेऊन लोळो. आईला ते आवडायचं नाही. ती म्हणायची, "पोट्टी मोकाट फिरून राहिली." तुम्ही म्हणायचे, "फिरू दे. चहानंतर तिले कामावर जा लागते."

ते काम म्हणजे तुम्हाला शिकवणं. दुपारचा चहा झाला की तुम्ही खड्ड्यातून वर यायचे, हातपाय धुवायचे, खुंटीवरचा धुतलेला सदरा घालून गळ्यापर्यंत बटणं लावायचे आणि चटईवर मांडी घालून बसायचे. त्या तासाला तुम्ही मला बाई म्हणायचे. अहो-जाहो करायचे. हात वर करून विचारायचे, "बाई, पाणी पिऊन येऊ का?" आई पदर तोंडाला लावून हसायची, पण तीही मागे भिंतीला टेकून ऐकत असायची. जे मी दिवसभरात शिकले ते मी तुम्हाला शिकवायचं. तुम्ही पाचवी करून मागावर बसलेले, आणि बसल्यावर अक्षरंसुद्धा बरीचशी विसरलेले. त्यामुळे अपूर्णांक असो, इंग्रजी असो, झाडाला पानातून अन्न कसं मिळतं ते असो, तुम्ही म्हणायचे, "नाही बसलं, बाई. पुन्हा." आणि नीट समजलं की मांडीवर हात मारून म्हणायचे, "हं, आता बसलं." त्या मांडीवरच्या हाताच्या आवाजासाठी मी दिवसभर अभ्यास करायची. नंतर मला बक्षिसं मिळाली, पदव्या मिळाल्या, पण तसा आवाज कशाचाच नव्हता.

एकदा मी ओरडले होते. भागाकार सांगत होते आणि तुम्ही पुन्हा तिथेच अडलात, तेव्हा मी पट्टी आपटून म्हणाले, "किती वेळा सांगू तुम्हाले!" शाळेत ऐकलेलं असणार कुठेतरी. तुम्ही रागावला नाहीत. उठलात, सदरा काढून खुंटीला लावलात आणि खड्ड्यात पाय सोडता सोडता म्हणालात, "ज्याले येत नाही त्याच्यावर रागावू नये बाई. येत असतं तं चटईवर कायले बसलो असतो?" त्या दिवशी शाळा सुटली ती सुटलीच. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तुम्ही सदरा घालून पुन्हा हजर, जसं काही झालंच नाही. मी भागाकार पुन्हा पहिल्यापासून सांगितला, चण्याच्या डाळीचे ढीग करून.

गुरुजींच्या पुस्तकांत आपल्या जिल्ह्याचा भूगोल होता, तो जुना होता, आणि त्यावरून आपली काय लढाई झाली होती ती आठवते ना? मी ऐटीत नकाशा दाखवत होते, हा आपला जिल्हा, हा साकोली, हा लाखांदूर, हा गोंदिया, हा देवरी. तुम्ही हात वर केला. "बाई, गोंदिया आता वेगळा जिल्हा झाला." मी म्हणाले पुस्तकात आहे. तुम्ही म्हणालात पेपरात होतं. मी म्हणाले पेपर खोटं लिहितो, हे तुम्हीच म्हणता. आई मागून म्हणाली, बाई चुकली, बाई चुकली. मला रडू आलं. तेव्हा तुम्ही मला खरं-खोटं काही न सांगता म्हणालात, "चाला, पाहूनच येऊ." तसंही लाखांदूरला मावशीकडे जायचं राहिलंच होतं. मावशीकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आपण अर्जुनीकडे जाणाऱ्या एसटीत बसलो आणि तुम्ही कंडक्टरला म्हणालात, "हद्दीवर उतरवून द्याजा." कंडक्टर म्हणाला, "काका, हद्दीले थांबा नाही ना." तुम्ही त्याला माझी चूक, पुस्तक, पेपर, सगळी कहाणी सांगितली. अर्धी गाडी ऐकत होती. त्याने आपल्याला एका फाट्यावर उतरवलं आणि दात काढत सांगितलं, "इथंच कुठंतरी असन. भेटली तं मले बी सांगा."

मला वाटलं होतं रेघ असेल. निदान चुन्याची. तिथे तर दोन्हीकडच्या बांध्यांत रोवणी झालेलं हिरवंगार धान, मधे बांध, आणि बांधावर एक म्हातारे शेतकरी पाणी वळवत उभे. तुम्ही विचारलं, "दाजी, हद्द कुठं लागते?" ते आधी तुमच्याकडे पाहत राहिले, मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडे. "हद्द?" ते म्हणाले. "हे बांधी माही भंडाऱ्यात, अन् हे गोंदियात. पाणी दोघीयले एकाच तळ्याचं." मी चप्पल काढली आणि बांधाच्या एका बाजूला एक पाय, दुसऱ्या बाजूला दुसरा, अशी चिखलात उभी राहिले. तुम्हीही धोतर वर करून तसेच उभे राहिलात. म्हाताऱ्यांना ते इतकं आवडलं की त्यांनीही तसं उभं राहून पाहिलं, एवढी वर्षं तिथेच शेती करूनही. मग मी पेन्सिलने नकाशात रेघ ओढली आणि दाजींनी ओल्या बोटाने दाखवलं की इथून अशी जाते. ते बोट पानावर उमटलं. पुस्तक अजून आहे, आणि ती तपकिरी खूणही.

परतताना एसटीत मात्र मी तुमच्याशी बोलत नव्हते. तालुक्याची मोहाडी यायच्या सुमाराला मी मनातलं बोलून टाकलं. "तुम्हाले माहीत होतं. म्हंजे बाकीचं बी सगळं येते तुम्हाले. तुम्ही मुद्दाम नाही म्हणता." तुम्ही गळ्याला हात लावून म्हणालात, "आईशप्पथ नाही वं. हे तं पेपरात होतं म्हणून. बाकीचं खरंच येत नाही." मी हं म्हणाले, पण विश्वास ठेवला नाही. उलट मला वाटलं मी किती हुशार, बापाचं नाटक ओळखलं. त्यानंतर मी कितीतरी वर्षं तुम्हाला शिकवलं ते याच समजुतीत, की हा आपला दोघांचा खेळ आहे आणि तुम्ही तो छान खेळता.

मग दहावी आली. बाहेरून बसायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. तुम्ही मोहाडीहून दोन फॉर्म आणलेत. आई म्हणाली, दुसरा कायले, खराब झाला तर म्हणून का? तुम्ही म्हणालात, "एवढे वर्षं शिकलो, तं परीक्षा नको का द्याले?" गावात काय हसू झालं होतं! तुम्हीही हसण्यावारी नेलंत, पण सदरा नवीन शिवलात. आडनाव एकच, म्हणून नंबर मागेपुढे आले. मी पुढच्या बाकावर, तुम्ही मागच्या. पहिल्या पेपरला वर्गावरचे सर म्हणाले, "काका, पोरीले सोडाले आले ना? पालकांनी बाहेर थांबा." तुम्ही खिशातून हॉल तिकीट काढून दाखवलंत. सगळा वर्ग वळून पाहत होता आणि मी मान खाली घालून हसत होते. लाज नाही वाटली, बाबा. मला एवढा अभिमान वाटत होता की पहिला प्रश्न मला दोनदा वाचावा लागला.

निकाल लागला. मी पास झाले आणि तुम्ही गणितात गेलात, बाकी सगळ्यात पास. मी चाट पडले. मला खात्री होती की मार्कशीट आली की तुमचं नाटक उघडं पडणार, माझ्यापेक्षा जास्त मार्क निघणार. मी विचारलं, गणितात काय झालं? तुम्ही शांतपणे सांगितलंत, "ते त्रिकोणमितीचे प्रश्न होते ना, ते कोरे सोडले. ते काही बसलंच नव्हतं." आणि मग मला समजलं. ते प्रकरण मला स्वतःलाच समजलं नव्हतं. मी नुसतं पाठ केलं होतं, परीक्षेपुरतं. पाठ केलेलं मला उतरवून काढता आलं, पण तुमच्यापर्यंत ते पोचलंच नाही. जेवढं मला खरं समजलं होतं तेवढंच तुम्हाला आलं होतं, ना कमी ना जास्त. मी दारात उभी राहून रडायला लागले. तुम्हाला वाटलं तुमच्या नापास होण्याचं दुःख झालं. तुम्ही डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "रडते काहून? बाई, तुमचा एक धडा कच्चा हाय, एवढंच. ऑक्टोबरले पाहू."

तो पावसाळा सगळा त्रिकोणमितीचा. मी आधी स्वतः शिकले, खरं शिकले, गुरुजींकडे जाऊन, देवळाच्या कळसाची सावली मोजून. आणि रोज चहानंतर तुम्हाला शिकवलं. तुम्ही म्हणायचे, "नाही बसलं." मी दुसऱ्या वाटेने सांगायची. "थोडं बसलं. पुन्हा." मी तिसऱ्या वाटेने सांगायची. इतक्या वाटांनी सांगितलं की मला ते प्रकरण झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, आणि कधी नव्हे ते गणित मला आवडायला लागलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही मांडीवर हात मारलात. "हं, बाई. आता बसलं." ऑक्टोबरमध्ये तुम्ही पास झालात. आईने गावात पेढे वाटले, माझ्या वेळेपेक्षा जास्त. मी पुढे गणितच घेतलं, बीएस्सी, एमएस्सी, त्याचं मूळ त्या पावसाळ्यात आहे. एमएस्सी तुम्ही पाहिली नाहीत. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी फोन आला आणि मी नागपूरहून निघाले, तर मी वाटेत असतानाच सगळं संपलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. आज त्यासाठी लिहायला बसले नाही.

पण एक गोष्ट लिहिते. मी बारा-तेरा वर्षांची असताना तुम्हाला म्हणाले होते, मलाही माग शिकवा. तेव्हा कोशाच्या रेशमाची, करवती काठाची साडी चढली होती मागावर आणि मला तो काठ कसा दातेरी निघतो ते पाहायचं होतं. तुम्ही म्हणालात, "शिकवीन ना. पण माझ्यापाशी हाय ते कुठं जाते? आधी जे माझ्यापाशी नाही ते घे." मी ते मानलं. आणि मग ते राहून गेलं, बाबा. तुम्हाला जाऊन आता एक तप होऊन गेलं, आणि माग पुढच्या खोलीत चादर घालून तसाच आहे.

आता आमचा दिवस ऐका. आम्ही आंधळगावलाच राहतो, याच घरात. आई घर सोडायला तयार नाही, म्हणून तुमचे जावईच त्यांचं गाव शहापूर सोडून इकडे आले. तालुक्याच्या बँकेत आहेत, मोटरसायकलने जातात येतात. गाव त्यांना घरजावई म्हणून चिडवतं आणि ते म्हणतात, "हो ना, सासूच्या हातची डाळभाजी भेटते, तुम्हाले काय त्रास?" मी सकाळी ऑनलाइन शिकवण्या घेते. नात सकाळी आजीबरोबर अंगण झाडते, तिच्याकडून गोष्टी ऐकते, मग वाचते, मग मला छळते. बागेत तिने काय काय पेरलं आहे, पावसाचं पाणी बाटलीत मोजून ठेवते, तिच्या बाबाच्या मोटरसायकलचे भाग तिला तोंडपाठ आहेत. दुपार मोकळी, तुमच्याच नियमाप्रमाणे. आणि चहा झाला की मी चटईवर बसते आणि तिला बाई म्हणते.

तिथेच सगळं घोडं अडलं आहे. मागच्या महिन्यात ती मला अपूर्णांकांची बेरीज शिकवत होती. मी म्हणाले, "नाही बसलं, बाई. पुन्हा." ती खडू खाली ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. म्हणाली, "आई, तू एमएस्सी आहे." मी म्हणाले, असली म्हणून काय झालं, विसरले. ती म्हणाली, "तू खोटं खोटं नाही म्हणते. तुह्या डोळ्यात दिसते. असं शिकवणं मले बोर होते." आणि मग काल जेवताना ते शाळेचं. मी म्हणाले, शाळेत काय आहे? तर म्हणाली, "तिथं ज्यायले खरंच येत नाही असे पोरं असतीन ना." मी आत येऊन आईजवळ तक्रार केली, की मी सगळं बाबांसारखंच तर करते. आई तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "तुह्या बापाले खरंच येत नव्हतं वं. म्हणून जमलं त्याले. तू शिकून वाया गेली."

हे पत्र इथेच सोडून मी उठले होते. मधे उन्हाळा गेला, आता श्रावण आहे. झालं ते सांगते.

मी हो म्हणाले. आईच्या त्या वाक्यानंतर नाही म्हणायला मला तोंडच राहिलं नाही. शाळा उघडली त्या दिवशी तुमची नात दोन वेण्या घालून गेली आणि मी दारात उभी राहिले, आणि ती वळून पाहील असं वाटलं, पण तिने पाहिलं नाही. घर एकदम रिकामं झालं. चहाची वेळ आली की मला काही सुचेना. ती शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि दिवसभर कोणाला काय समजावून सांगितलं ते सांगायची, इतकी आनंदात की मला स्वतःच्या रुसण्याची लाज वाटायची. एक दिवस मी अशीच चहाचा कप घेऊन बसले होते, तर आई मागाच्या खोलीकडे हात करून म्हणाली, "तुले सगळं येते म्हणते ना तुही पोरगी? मंग हे कुठं येते तुले?"

आम्ही चादर काढली. धूळ झाडली, लाकडाला तेल दिलं, आणि शेजारच्या काकांनी साधा सुती ताणा चढवून दिला. कोशाला हात लावायची आमची लायकी नाही अजून. आईने कधी माग चालवला नाही, पण तुमच्या शेजारी बसून जन्मभर पाहिलं आहे, ती काठी घेऊन शेजारी बसते आणि चुकलं की काठी जमिनीवर आपटते. तुमच्या नातीला दोन दिवसांत हातापायाचा मेळ जमला. तिचे पाय खालच्या पावड्यांना जेमतेम पोचतात, पण धोटा असा जातो की बघत राहावं. माझा मात्र जातो कमी आणि पडतो जास्त. पावडी दाबते तर हात थांबतो, हात चालवते तर धागा तुटतो. मग चहानंतर ती शाळेचा गणवेश बदलून येते आणि मला शिकवते. पहिल्या दिवशी धागा तुटला तेव्हा तिने माझ्या डोळ्यांत निरखून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "आई, खरंच नाही येत?" मी म्हणाले, "नाही वं. खरंच नाही येत." तिच्या तोंडावर जो आनंद पसरला तो तुम्ही पाहायला हवा होता. एकदम घसा साफ करून म्हणाली, "काही हरकत नाही. सरका जरा. पुन्हा करू."

म्हणजे शाळाही सुरू आहे आणि घरची शाळाही. सकाळी ती पोरांत शिकायला-शिकवायला जाते, संध्याकाळी मला शिकवते, आणि आई दोघींना. तुमचे जावई ओट्यावर बसून आमचे धागे मोजतात आणि म्हणतात, या वेगाने माझा रुमाल दिवाळीपर्यंत होईल. मला खूप बरं वाटतं आहे. हे सांगायलाच पत्र पुन्हा हाती घेतलं होतं, पण आता आणखी एक सांगायचं आहे.

काल दुपारी ती शाळेत होती आणि आई झोपली होती, तेव्हा मी एकटीच मागावर बसले. कोण जाणे कसं, पण हात आणि पाय एका लयीत आले. धोटा इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला, पुन्हा गेला. एकही धागा तुटला नाही. खटक-खटक आवाज थेट तुमच्यासारखा येत होता आणि मी हसत होते आणि डोळे पुसत होते. मग ती आली. चहा झाला. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "हं, दाखवा." मी पावडी दाबली आणि हात जरा उशिरा सोडला. धागा तुटला. तिने माझ्या डोळ्यांत पाहायच्या आत मी खाली वाकून गाठ मारायला लागले. "नाही बसलं, बाई," मी म्हणाले. "पुन्हा."

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, आईलाही नाही, म्हणून विचारून घेते. बाबा, ती त्रिकोणमिती तुम्हाला नक्की कधी आली होती?